टर्बो गाडी रोजच्या रस्त्यासाठी ट्यून करायची तर

कोणी सेकंडहँड १.० टीएसआय पोलो घेतो, कोणी टर्बो पेट्रोल व्हेन्यू किंवा नेक्सॉन, कोणाकडे घरचीच जुनी डिझेल स्विफ्ट असते. गाडी हाताला बसली की पहिला प्रश्न ठरलेला: रिमॅप केला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं (ईसीयूचं) सॉफ्टवेअर बदललं, तर किती बीएचपी वाढतील? कोणताही ट्यूनर याचं उत्तर दहा सेकंदांत देतो, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण ऑफिसला जायच्या, गावी न्यायच्या गाडीसाठी हा प्रश्न दुय्यम आहे. वाढलेल्या ताकदीबरोबर येणारी उष्णता आणि दाब ही गाडी मे महिन्यात, घाटात, चार माणसं आणि सामान भरून, एसी चालू ठेवून किती वर्षं सोसेल, ते आधी बघायचं. पुढचं सगळं त्याच अंगाने लिहिलं आहे. ड्रॅग रेसला गाडी न्यायची असेल त्यांना यातलं निम्मं नुसतं कंटाळवाणं वाटेल.

पायरी १: टर्बो काय करतो ते समजून घ्या

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंत बरीच ऊर्जा वाया जाते. त्या वायूंच्या वाटेत टर्बाइन बसवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर, आणि त्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची. जास्त हवा आली की जास्त इंधन जाळता येतं. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. छोट्या गाडीतल्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. पुढे तेलाबद्दल जरा जास्तच कटकट केली आहे, ती यासाठी.

दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून पेट्रोल टर्बोला वेस्टगेट असतं. ठरलेला दाब झाला की ते उघडतं आणि उरलेले वायू टर्बाइनला टाळून निघून जातात. बऱ्याच डिझेल गाड्यांत याऐवजी टर्बाइनभोवतीची पाती फिरून वायूंची वाट अरुंद किंवा रुंद करतात, त्याला व्हीजीटी म्हणतात. रांजणगावच्या फियाट-टाटा कारखान्यात आणि मारुतीच्या मानेसरलाही बनलेलं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन आठवा. साध्या टर्बोवर त्याची ताकद ७५ पीएस (बीएचपीसारखंच माप) आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १९० एनएम, व्हीजीटी लावून ९० पीएस आणि २०० एनएम. इंजिन तेच १२४८ सीसीचं.

आता उष्णतेचा हिशेब. हवा दाबली की ती तापते, सायकलच्या पंपाचं टोक हाताला लागतं तशी. पुण्यातली मेमधली दुपार घ्या, बाहेर ३८ अंश. १ बार बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब, धरला तर हवेचा दाब साधारण दुप्पट. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर बाहेर पडणारी हवा १३५ अंशांच्या आसपास असते. दाब दुप्पट झाला तरी तापल्यामुळे हवेची घनता दीडपटच वाढते. हीच हवा इंटरकूलरने, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या कूलरने, ६० अंशांवर आणली की घनता जवळपास १.९ पट होते. म्हणजे बूस्टला हात न लावता, नुसती हवा थंड करून केवढा फरक पडतो बघा.

हवा गरम राहिली की दुसरं संकट येतं ते नॉकिंगचं. स्पार्कने पेटवलेली ज्योत पोहोचायच्या आधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून भडकतं आणि पिस्टनवर हातोडा पडावा तसा दाबाचा फटका बसतो. टर्बो पेट्रोल गाड्यांच्या मागे हे पहिल्या दिवसापासून लागलेलं आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आली, बाजारात आलेल्या पहिल्या टर्बो गाड्यांपैकी एक. तिचं कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) १०.२५:१, त्यावर टर्बो. नॉकिंग रोखायला कंपनीने वेगळ्या टाकीतून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायची सोय केली. लोक ती टाकी भरायलाच विसरत. टाकी रिकामी झाली की गाडी बूस्ट रोखून धरायची आणि मालक तक्रार करायचे की पिकअप नाही. आज ते काम नॉक सेन्सर आणि ईसीयू करतात. मालकांच्या तक्रारी मात्र तशाच आहेत.

पायरी २: साध्या इंजिनाला टर्बो किट लावायचा विचार सोडा

हे थोडक्यात आटपतो. बिगरटर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त असतं. मारुतीच्या के१२एन इंजिनाचं १२:१ आहे, तर फोक्सवॅगनच्या टर्बो १.० टीएसआयचं १०.५:१. जास्त कॉम्प्रेशनवर बूस्ट चढवला की नॉकिंग आलंच. शिवाय पिस्टन, कनेक्टिंग रॉड, ऑइल पंप, रेडिएटर हे सगळं त्या मूळ ताकदीच्या मापाने बनवलेलं असतं. किटचा, ईसीयूचा आणि मजुरीचा खर्च एकत्र मांडला तर त्यात कारखान्यातून टर्बो घेऊनच आलेली गाडी एक्स्चेंजमध्ये बसते. ती घ्या.

पायरी ३: कायदा, विमा आणि वॉरंटी

पैसे भरायच्या आधी हे वाचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरची नोंद जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए प्रमाणे नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रिमॅप बाहेरून दिसत नाही म्हणून तो चालतो असं गॅरेजमध्ये बिनधास्त सांगतात. न दिसणं आणि परवानगी असणं यांतला फरक अपघातानंतर सर्व्हेअर येतो तेव्हा कळतो: विमा कंपनीला न कळवलेला बदल हे क्लेम अडवायला चांगलं कारण असतं. कंपनीला आधी लेखी कळवा आणि उत्तरही लेखी घ्या.

वॉरंटीचं गणित सोपं आहे. ईसीयूत नवं सॉफ्टवेअर किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद बऱ्याच गाड्यांत राहते. फोक्सवॅगन समूहात तर बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की गाडीच्या नावावर ‘टीडी१’ असा शेरा पडतो, आणि मग इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीचा दावा विसरायचा. म्हणून माझं मत: वॉरंटी संपेपर्यंत रिमॅप नको. तोवर पायरी ४ आणि ५ वर खर्च करा, तो वाया जात नाही.

धूर स्वच्छ करणारे भाग, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, डिझेलचा डीपीएफ, ईजीआर, यांना हात लावायचा नाही. ‘स्टेज २’ या नावाखाली कॅट काढलेला डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) विकतात. तो प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पीयूसीच्या वेळी धावपळ होते. दिवा लागू नये म्हणून तो फॉल्टच सॉफ्टवेअरमधून बंद करून देणारे आहेत. अशा माणसाच्या हाती बाकीचा मॅपही (ईसीयूतलं नवं सॉफ्टवेअर) द्यायचा का, ते तुम्हीच ठरवा.

पायरी ४: आधी गाडी निरोगी आहे का ते बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रिमॅपनंतर ‘बसलेल्या’ बहुतेक गाड्या आधीच आजारी असतात, मॅप फक्त तो आजार बाहेर काढतो.

कॉम्प्रेशन टेस्टपासून सुरुवात करा. आकडा किती आला यापेक्षा सगळ्या सिलिंडरमध्ये तो सारखा आहे का ते महत्त्वाचं. एक सिलिंडर १० टक्क्यांहून जास्त मागे असेल तर तिथेच थांबा आणि कारण शोधा.

मग हवेची वाट. कॉम्प्रेसरपासून इंटरकूलर आणि तिथून थ्रॉटलपर्यंतच्या होजवर कुठेतरी बारीक चीर किंवा सैल क्लिप असते, आणि बूस्ट तिथूनच फुस्स होतो. डोळ्यांना दिसत नाही; स्मोक टेस्ट करून घ्या. पाइपात कमी दाबाने धूर सोडतात आणि गळती असेल तिथून धुराची रेघ उठते. होज हाताने पिळून बघा. जॉइंटखाली तेलाचा काळा, धूळ चिकटलेला डाग दिसला तर हवा बहुधा तिथूनच जाते. होजमध्ये थोडं तेल असणं ठीक. इंटरकूलर उलटा केल्यावर कपभर तेल निघालं तर टर्बोच्या सीलकडे किंवा क्रँककेसच्या व्हेंटिलेशनकडे बघायला हवं.

स्पार्क प्लग काढून एका ओळीत मांडा. सगळ्यांचा रंग सारखा, फिकट तपकिरी असावा. एखाद्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके किंवा चकचकीत बारीक कण दिसले तर तो सिलिंडर नॉक करतोय. कण ॲल्युमिनियमचे असतील तर ते पिस्टनचे आहेत. बूस्ट वाढवल्यावर ठिणगीला जास्त दाबातून उडी मारावी लागते, म्हणून प्लग नवे घ्या, गॅप थोडा कमी ठेवा आणि एक पायरी ‘थंड’ प्लग बसेल का ते ट्यूनरला विचारा. जुनी इग्निशन कॉइल एरवी निमूट चालते आणि फुल बूस्टला मिसफायर करते.

डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे तिथे कार्बनचा थर साचतो. ७०-८० हजार किलोमीटर झालेल्या गाडीचे व्हॉल्व्ह कॅमेरा घालून एकदा बघून घ्यावेत.

क्लचची परीक्षा चढावर: चौथा गिअर, २,००० आरपीएम, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढतोय आणि वेग तसाच, म्हणजे क्लच सटकतोय. मूळ टॉर्कला सटकणारी प्लेट वाढीव टॉर्क काय धरणार? ऑटोमॅटिकवाल्यांनी गिअरबॉक्सची मर्यादा शोधावी. फोक्सवॅगन-स्कोडाचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे डीक्यू२००, २५० एनएमसाठी बनवलेला आहे. स्लाव्हिया आणि व्हर्टसचं १.५ टीएसआय कारखान्यातूनच २५० एनएम देतं. त्यावर रिमॅप करणारे पुष्कळ आहेत, पण गिअरबॉक्सच्या हिशेबात तिथे शिल्लक काहीच नाही, हे माहीत असू द्या.

शेवटी ब्रेक आणि टायर. बोरघाटातून खंडाळ्याहून खाली उतरताना पॅडचा वास येत असेल, तर ताकदीचे पैसे आधी तिकडे वळवा: चांगले पॅड, ताजं ब्रेक ऑइल, आणि सहा वर्षांपेक्षा जुने नसलेले टायर.

पायरी ५: इंधन आणि तेल

आता पंपावर मिळतं ते बहुतेक सगळं ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलला नॉकिंग सहज होत नाही, तो फायदाच. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, आणि एक किलो इथेनॉल जाळायला ९ किलो हवा लागते, तिथे पेट्रोलला १४.७ किलो. याचा अर्थ त्याच ताकदीसाठी इंजेक्टरमधून जास्त इंधन सोडावं लागतं. हे न धरता केलेला मॅप फुल बूस्टला इंधनात कमी पडू शकतो. मॅप कोणत्या इंधनावर केला, ते ट्यूनरला स्पष्ट विचारा.

ऑक्टेनची (नॉकिंग न होता दाब सोसायच्या पेट्रोलच्या क्षमतेची) निवड करताना मोह आवरा. १०० ऑक्टेनचं पेट्रोल लिटरला दीडशे रुपयांच्या पुढे जातं आणि मोठ्या शहरांतल्या मोजक्याच पंपांवर असतं. त्याच्यावर बेतलेला मॅप घेऊन तुम्ही गणपतीला कोकणात गेलात आणि रात्री दहाला राजापूरच्या अलीकडे टाकी रिकामी झाली तर? मॅप नेहमी तुमच्या वाटेवरच्या सगळ्यात साध्या पंपाच्या पेट्रोलवर बेतायचा. त्याहून चांगलं मिळालं तर तो तुमचा फायदा.

तेल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं, फुल सिंथेटिक. लहान टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनासाठी एपीआय एसपी दर्जा असलेलं घ्या. २०२० मध्ये आलेल्या या दर्जात कमी आरपीएमवरच्या प्री-इग्निशनची चाचणी आहे. ते काय प्रकरण आहे, ते पुढच्या पायरीत. बदलायचं अंतर कंपनीने १५,००० किलोमीटर सांगितलं असेल तर रिमॅपनंतर निम्मं करा.

पायरी ६: मॅप कसा मागायचा

पीएस हा टॉर्क आणि आरपीएमचा गुणाकार: एनएम गुणिले आरपीएम, भागिले ७०२३. स्लाव्हियाच्या १.० टीएसआयचा टॉर्क १७८ एनएम, १,७५० पासून ४,५०० आरपीएमपर्यंत. ४,५०० ला हिशेब केला तर ११४ पीएस येतात, कंपनी कमाल ११५ सांगते. आता हाच १७८ एनएम ५,५०० पर्यंत टिकवता आला तर १३९ पीएस होतील, आणि रॉडवर किंवा क्लचवर वाढीव टॉर्क एक एनएमही नाही! अडचण एवढीच की लहान टर्बो तिथवर दम धरत नाही, गरम हवा ओकायला लागतो.

म्हणून बरेचसे मॅप सोपा मार्ग धरतात आणि १,८०० ते २,५०० मध्ये टॉर्कचा डोंगर उभा करतात. टेस्ट ड्राइव्हला पाठीत धक्का बसतो, ग्राहक खूश. पण हाच सगळ्यात घातक पट्टा. कमी आरपीएमवर जास्त दाब असताना तेलाचा थेंब किंवा कार्बनचा कण स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवू शकतो, तेच ते प्री-इग्निशन. नॉकिंगमध्ये ईसीयूला सावरायला वेळ असतो, इथे एका फटक्यात पिस्टन तुटू शकतो. तेव्हा ट्यूनरला थेट सांगा: २,२०० च्या खाली टॉर्क मूळ ठेव, मध्ये १५ टक्क्यांच्या आसपास वाढव, वर जितका टिकेल तितका टिकव. अशी गाडी कागदावर मित्राच्या गाडीपेक्षा मागे पडेल. खंबाटकीत ट्रकला ओव्हरटेक करताना तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० ते ५,००० वरच काम असतं, आणि तिथे ती पुढे असेल.

ट्यूनिंग बॉक्स या भानगडीत शक्यतो पडू नका. तो सेन्सरला खोटं सांगून बूस्ट किंवा रेल प्रेशर (डिझेल इंजेक्टरला मिळणारा इंधनाचा दाब) वाढवतो. ईसीयूला खरं काय चाललंय ते कळतच नाही. सरळ रिमॅपच करा, आणि मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर मागून घ्या. ती द्यायला खळखळ करणारा ट्यूनर नको. तुमच्या गाडीचा लॉग (चालताना सेन्सरने दिलेल्या आकड्यांची नोंद) न बघता ‘तयार फाइल’ चढवणाराही नको.

पायरी ७: लॉग घ्या, स्वतः वाचा

गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचा एक बरा ओबीडी डोंगल आणि मोबाइलमधलं ॲप पुरतं. रिमॅपच्या आधी एक लॉग आणि नंतर एक, त्याच ट्यूनरच्या डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायचं यंत्र), शक्यतो सारख्याच हवामानात. एक्स्प्रेसवेवर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत ओढायचं काम करू नका. तिथे मर्यादा १०० ची आहे, आणि कॅमेऱ्यांपेक्षा लेन बदलणारे ट्रक जास्त धोक्याचे. डायनोचा आकडा चाकावरचा की क्रँकवरचा, ते विचारून घ्या. नाहीतर आधीचा एक आणि नंतरचा दुसरा असं करून १५ पीएस ‘मिळतात’.

लॉगमध्ये चार रकाने बघा. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, दोन्ही रेषा जवळजवळ चिकटून असाव्यात. इनटेकच्या हवेचं तापमान. लॅम्डा, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा किती: पेट्रोलला फुल लोडवर १ किंवा त्याखाली, वर कधीच नाही. आणि नॉकमुळे मागे ओढलेलं स्पार्कचं टायमिंग, सिलिंडरप्रमाणे. समजा तीन सिलिंडरच्या गाडीत ४,००० आरपीएमला तिसऱ्या सिलिंडरमध्ये उणे ३ अंश दिसले आणि बाकी दोघांत शून्य. तर इंधनाला दोष देऊ नका, त्या सिलिंडरचा प्लग आणि इंजेक्टर बघा. तिघांतही उणे ३ असेल तर मॅपच आक्रमक आहे किंवा हवा गरम आहे. लागोपाठ तीन वेळा ओढा. पहिल्या खेपेला ४५ अंश आणि तिसऱ्या खेपेला ७० अंश हवा दिसली तर इंटरकूलर कमी पडतोय, आणि मेमध्ये तुमची निम्मी वाढ हवेत विरणार. मोठा इंटरकूलर घ्यायच्या आधी मूळ कसा आहे ते बघा: १.० टीएसआयमध्ये तो पाण्यावर चालणारा आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे, पुढे बंपरमागे मोठा कूलर अडकवून काम होत नाही.

डिझेलवाल्यांनी आरशात बघावं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळा धूर म्हणजे इंधन हवेपेक्षा जास्त. त्यातून पिकअप येत नाही, एक्झॉस्टचं तापमान वाढतं आणि टर्बो भाजतो.

महाबळेश्वरला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. तिथली उंची साधारण १,३७० मीटर, हवेचा दाब ०.८६ बारच्या आसपास. मॅप एकूण २ बार मागत असेल, तर समुद्रसपाटीला टर्बो दाब दुप्पट करतो, तिथे त्याला २.३ पट करावा लागतो. म्हणजे जास्त फेरे, जास्त उष्णता. पुण्यातच टोकावर चालणारा मॅप पसरणीच्या घाटात टोकापलीकडे जातो. घाट चढून हॉटेलच्या दारात पोचल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, ऑटो स्टार्ट-स्टॉप बंद करून मिनिटभर गाडी चालू राहू द्या. शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश आलात तर तेवढंही लागत नाही.

पायरी ८: पुढची देखभाल

पहिले हजार किलोमीटर झाल्यावर प्लग पुन्हा काढून बघा, क्लिपा आवळा, तेलाची पातळी तपासा. आधी न खाणारी गाडी तेल खायला लागली असेल तर ‘टर्बो गाड्या खातातच’ या उत्तरावर गॅरेजमधून परत फिरू नका. वरच्या गिअरमध्ये दीड हजारावर रेंगाळत असताना पाय पूर्ण दाबायची सवय मोडा, एक गिअर खाली घ्या. दर उन्हाळ्यात एक नवा लॉग घेऊन जुन्याशेजारी ठेवा. आणि गाडी सर्व्हिसला द्याल तेव्हा जॉब कार्डवरच लिहून घ्या की विचारल्याशिवाय ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं नाही. नाहीतर संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून परत मिळते, तुमचा मॅप गेलेला असतो, आणि तो पुन्हा चढवायचे वेगळे पैसे लागतात की नाही ते ट्यूनरला आधीच विचारलेलं नसतं.